टेम्पोच्या मागे दोन वर्षं

वन्सं,

येत्या रविवारी तुमच्या नावाचा चषक देणार आहेत आणि तो मला मिळणार आहे. दौलताबादचा घाट बायकांमध्ये सगळ्यात कमी वेळात मी चढले, म्हणून. जगतापसरांनी चषकाचा फोटोही आपल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. वर सोनेरी सायकल, खाली 'स्वर्गीय कुसुमताई स्मृती' आणि त्याखाली माझं नाव. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झालेत. इतक्या तातडीनं या ग्रुपनं आजवर पंक्चरसुद्धा काढलेलं नाही.

तो घाट मी टेम्पोत बसून चढले होते. दोन वर्षांत हे तुम्हाला सांगितलं नाही. आता रविवारच्या आत कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, आणि जिला सांगायला हवं होतं ती बाई राहिली नाही. तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगते.

ग्रुपवरचं वाचून तुमच्या नाकातून चहा आला असता. 'कुसुमताई म्हणजे प्रेरणेचा अखंड झरा.' 'सदा हसतमुख.' तुम्ही हसतमुख! तुम्ही हसायचात ते कुणाची चेन पडली तर. एका बाईनं तुमच्या फोटोला पांढरे पंख चिकटवलेत आणि सायकल ढगावर उभी केलीय. ही तीच, आभाळात करंगळीएवढा ढग दिसला की 'आजची राइड रद्द का?' विचारणारी आणि तुमच्याकडून 'साखरेची आहेस का?' असं उत्तर घेणारी. जगतापसरांनी चारोळी केलीय. कंपनीतून रिटायर झाल्यापासून ते मेलेल्या प्रत्येकावर चारोळी करतात. परदेशी सायकल, परदेशी गॉगल, परदेशी बूट, आणि शरणापूर फाट्याला भुरभुर लागली की बायकोला फोन करून गाडी मागवणारा हा माणूस. 'सर, तुमची सायकल रस्त्यापेक्षा गाडीच्या टपावर जास्त फिरली' असं तुम्ही त्यांना चारचौघांत म्हणाला होतात. चारोळीत त्यांनी तुम्हाला माउली केलंय.

मीही तुम्हाला चांगलं म्हणणार नाही. फुलंब्रीहून लग्न होऊन हडकोतल्या घरात आले, तेव्हा उंबऱ्यातच तुम्ही तुमच्या भावाला विचारलंत, "अरे, बायको आणलीस का मक्याचं पोतं?" सगळे हसले. मीही हसले, नवी सून दुसरं काय करणार. पुढची तीस वर्षं मी पोतंच होते. तुम्ही सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, लग्न न केलेल्या, दोन गल्ल्या सोडून एकट्या राहणाऱ्या. रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचं, माझ्या वरणात मीठ कमी आहे हे जाहीर करायचं आणि दोन वाट्या वरण प्यायचं, हा तुमचा नेम.

रिटायर झालात आणि पंधरा दिवसांत गियरची सायकल घेऊन दारात उभ्या राहिलात. म्हणालात, "चल, तुझीपण बघून ठेवलीय. घरात बसून बसून किडायलीस." मी सत्तेचाळीसची, कचेरीत खुर्ची झिजवणारी कारकून. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या रविवारी छावणीच्या पुढं जाऊन मी रस्त्याकडेला बसून रडले. तुम्ही थांबलात, पाणी दिलंत आणि म्हणालात, "रडून झालं की उजवा पाय मार." त्या दिवशी मी तुमचा मनापासून द्वेष केला. आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी तुमच्या मागं गेले. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते इथं मानते. माझी आटोक्यातली शुगर, माझा धड गुडघा, भल्या पहाटे रस्त्यावर एकटीनं जायची माझी हिंमत, हे सगळं तुमचं देणं आहे. बास. यापुढं गोड बोलणार नाही.

आपलं खरं भांडण हवामानाचं. माझ्या फोनमध्ये तासातासाचा पाऊस दिसतो, टक्क्यांसकट. तुम्हाला त्या टक्क्यांचा असा काही तिटकारा होता, जणू मी पत्रिका बघून निघतेय. तुम्ही साडेपाचला देवगाव रंगारीच्या भाऊरावांना फोन लावायचात. त्यांच्या मुलीचं अवघड बाळंतपण तुम्ही केलं होतं, त्याची परतफेड तो बिचारा दर रविवारी आभाळ बघून करत होता. देवगावचा ढग दीड तासानं खुलताबादवर येतो, असं तुमचं शास्त्र.

"भाऊराव, मावळतीला काय हाय?"

"काळंभोर हाय सिस्टर. पण वारं पडलंय. येतंय का जातंय, काय कळंना."

"ढोरं काय करायलीत?"

"ढोरं? ढोरं खायलीत की."

"मग निघते मी."

या शास्त्रावर आपण किती वेळा भिजलो, वन्सं! फाल्गुनात मिटमिट्याला गारा लागल्या तेव्हा उभ्या ट्रकखाली अर्धा तास बसलो होतो, आणि तुम्ही तिथंही म्हणत होतात की भाऊरावांनी 'वारं पडलंय' नीट सांगितलं नाही. माझा फोनही काही कमी नाही. त्यानं 'स्वच्छ ऊन' सांगितलेल्या दिवशी दौलताबादच्या किल्ल्याशी इतकं धुकं होतं की मला तुमचं मागचं चाक सोडून काही दिसत नव्हतं. पडेगावला ऊन, शरणापूरला सर, किल्ल्याशी पुन्हा ऊन, घाटात वारा, असला आपला तो रस्ता. जाताना वारा समोरून, आणि परत फिरलो की तोही फिरून समोर. त्या वाऱ्याला तुम्ही ज्या शिव्या द्यायचात त्या चारोळीत बसणाऱ्या नाहीत. हेल्मेटवर ऑपरेशन थिएटरची हिरवी टोपी चढवायची आणि उतारावर छाती गारठू नये म्हणून जर्सीच्या आत कालचा पेपर कोंबायचा, हा तुमचा पावसाळी पोशाख. माझ्या रेनकोटला तुम्ही तंबू म्हणायचात. दहांत किती वेळा तुम्ही बरोबर आणि किती वेळा फोन, हे आपलं कधीच ठरलं नाही. माझ्या मते तुमचे चार. तुम्ही सात म्हणायचात, आणि आता खोडून काढायला येणार नाही म्हणून मी काही वाढवून देणार नाही.

त्या श्रावणातल्या रविवारी मात्र दोघंही चुकले, भाऊराव आणि फोन. आदल्या दिवशी शनिवारची भद्रा मारुतीची गर्दी होऊन गेली होती, रस्त्याकडेला कागदी कपांचा खच पडला होता. किल्ल्यापर्यंत ऊन होतं. जुन्या वेशीतून आपण पलीकडं निघालो आणि चढ सुरू होताच आभाळ फाटलं. तुम्ही नेहमीसारख्या पुढं. एकदा मागं वळून ओरडलात, "चालव गं, थांबलीस तर गारठशील!" आणि वळणाआड गेलात. मी थांबले. वारा असा आडवा होता की हँडल माझ्या हातात राहीना, आणि बाजूनं ट्रक चिखल उडवत चालले होते. मला भीती वाटली. साधी, जिवाची भीती. आजही त्या थांबण्याची मला लाज नाही.

भाजीचे रिकामे कॅरेट घेऊन खुलताबादकडं निघालेला एक टेम्पो माझ्याशेजारी थांबला. ड्रायव्हर दाढी पिकलेला, भला माणूस. "बाजी, कायकू भीगते? साइकिल डालो पिच्छे, उप्पर छोड देता." त्यानंच सायकल चढवली. मी मागं कॅरेटांमध्ये बसले आणि ताडपत्री ओढून घेतली.

लाजेची गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या का तिसऱ्या वळणावर टेम्पोनं तुम्हाला मागं टाकलं. कडेला थांबून तुम्ही चष्मा पुसत होतात. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्या जवळ होतात. मी ताडपत्री डोक्यावरून घेतली आणि कॅरेटांच्या मागं वाकले. पन्नाशीची बाई, कचेरीत दहा जणांवर डाफरणारी, कोबीच्या पाल्यात तोंड लपवून बसले. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पाहिलं असतंत तर मला ते मरेपर्यंत ऐकवलं असतंत.

चढ संपला तिथं उतरले. चहाच्या टपरीत बसले. खूप वेळानं तुम्ही आलात, ओठ निळे, टोपीतून पाणी गळतंय, आणि मला बघून तुमचा पाय पेडलवरच राहिला.

"तू कधी गेलीस पुढं?"

"तुम्ही चष्मा पुसत होतात तेव्हा."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. पेशंट औषध घेतलं म्हणतो आणि घेतलेलं नसतं, तेव्हा बघत असाल तसं. मग म्हणालात, "तू कमी भिजलीस." मी म्हणाले, "रेनकोट आहे." तुम्ही जर्सीतून तो पेपर काढलात. वरच्या पानाचा लगदा झाला होता, आतलं कोरडं होतं. ते मला देऊन म्हणालात, "डोकं पूस."

आता या सायकलवाल्यांची गंमत बघा. राइडची वेळ नोंदणारं ॲप सुरू करायला कुणी विसरत नाही. घरातून निघताना देवाला हात जोडायचे राहतील, पण ते बटण दाबायचं राहत नाही. बंद करायला विसरतात. माझं ॲप टेम्पोत सुरूच होतं. टेम्पो, ट्रॅक्टर, काय वाटेल त्यावर बसा, ॲपला सायकलच वाटते. टेम्पोच्या पुढं घाटभर दोन ट्रक रांगत होते, नाहीतर माझी चोरी त्याच दिवशी पकडली गेली असती. पंधरा मिनिटं झाली. जगतापसरांची तेरा होती, त्यामुळे त्यांच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं. तुमची तोवरची सगळ्यात चांगली वेळ एकवीस. दुपारी ग्रुपवर माझ्या नावापुढं मुकुट आला. 'घाटाची राणी!' अंगठे, टाळ्या, फुलं. ज्यांनी मला कधी चढ चढताना पाहिलं नव्हतं त्यांना माझ्या जिद्दीचं कौतुक आवरेना.

मी लिहायला घेतलं होतं, 'चुकून टेम्पोत ॲप चालू राहिलं.' तेवढं लिहून झालं आणि तुमचा फोन आला.

"सुनंदा, पंधरा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पंधरा मिनिटं? त्या पावसात?"

तुमच्या आवाजात थट्टा नव्हती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुमच्या आवाजात माझ्यासाठी थट्टा नव्हती. मी लिहिलेलं पुसून टाकलं.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही मला पोतं म्हणाला नाहीत. तुमच्या ते लक्षात तरी आलं होतं का, कोण जाणे. मला रोज लक्षात येत होतं. आणि तुम्ही घाटाच्या मागं लागलात. रविवार आपला, त्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून आपल्याला किल्ल्यापासूनच परत फिरवायचे; पण बुधवारी, शुक्रवारी तुम्ही एकट्याच जायला लागलात. पाऊस असो, धुकं असो, चैत्रातला फुफाटा असो. मला वाटायचं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मला छळताय. तुमचा तो 'कमी भिजलीस' मी मनात हजार वेळा उलटसुलट केला. कळलं असेल तर बोलत का नाही? तुम्ही बोललात की मीही बोलेन, आपण होऊन कशाला? असा माझा बाणेदारपणा. ग्रुपमधल्या त्या पंखवाल्या बाईला हसते मी, पण तिच्यापेक्षा माझं बरं काय होतं ते सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी जेवून आडव्या झालात आणि चहाला उठला नाहीत. हृदय, म्हणाले. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, सायकलमुळं का? ते म्हणाले, "उलट सायकलमुळं इतकी वर्षं ठणठणीत राहिल्या." लोकांना बरं वाटेल असं बोलायचा तो आवाज तुम्ही मला अनेकदा नक्कल करून दाखवला होता, म्हणून मी लगेच ओळखला.

शोकसभेसाठी फोटो पाहिजेत म्हणून तुमच्या भावानं तुमचा फोन माझ्या हातात दिला. फोटो सात. त्यातले चार भाऊरावांच्या म्हशीचे. मग मी ते ॲप उघडलं. प्रत्येक राइडखाली दोन ओळी लिहायची जागा असते. जगतापसर तिथं सूर्योदयाविषयी लिहितात. तुम्ही केसपेपर लिहिला होतात.

'वारा समोरून. डांबर ओलं. २०.४०. गुडघा ठीक.'

'धुकं. १९.१५. दोनदा थांबले. सुनंदा थांबली नसेल.'

'ऊन. १८.५०. शेवटच्या वळणावर दम. सुनंदाला विचारायचं, गियर कोणता ठेवला.'

विचारलं होतंत तुम्ही. एका संध्याकाळी, वरणाची वाटी हातात धरून. मी म्हणाले होते, "असं आठवत नाही आता."

घाटाची शेवटची नोंद त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारची. 'आभाळ स्वच्छ. १८.१०. छातीत जड. तिनं पावसात केलं, मला उन्हात जमत नाही म्हणजे काय.'

म्हणजे तुम्हाला कळलं नव्हतं. दवाखान्यात आयुष्य गेलं, डोळा बघून ताप ओळखणारी बाई, आणि माझ्यासारखीच्या थापेवर विश्वास ठेवलात. मला तुमचा इतका संताप आला की फोन गादीवर फेकला. छातीत जड, असं स्वतःच्या हातानं लिहिता, आणि चार दिवस भावाला सांगत नाही, मला सांगत नाही, ईसीजी काढत नाही? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला वॉर्डभर ऐकवलं असतंत. एवढ्या शहाण्या तुम्ही, आणि दोन वर्षं एका टेम्पोच्या मागं धावत होतात. भाजीच्या टेम्पोच्या. मग मला आठवलं की टेम्पो कुणाचा होता, आणि संताप जायला दुसरी जागा राहिली नाही.

आज सकाळी मी ग्रुपवर लिहिलं. 'दौलताबाद घाटातली माझी पंधरा मिनिटं खोटी आहेत. मी टेम्पोत होते. चषक मला देऊ नये.' काय झालं असेल? पहिले हात जोडलेले आले. मग फुलं. मग पंखवाली: 'वहिनी, स्वतःला सावरा.' मग जगतापसर: 'दुःखात माणूस स्वतःला कमी लेखतो. ही तुमची नम्रता. आमच्यासाठी घाटाची राणी तुम्हीच! शिवाय चषकावर नाव कोरून झालंय.' त्यावर बावीस अंगठे. चोरी कबूल केली तर ती घ्यायलासुद्धा कुणी तयार नाही, असली ही माणसं. यांच्यात तुम्ही एकट्या होतात ज्यांना पंधरा आणि एकवीस यातला फरक खरा वाटत होता.

मी ती राइड काढून टाकली. ॲपनं एकदा विचारलं, खात्री आहे का, आणि मग गेली ती. आता यादीत वर तुमचं नाव आहे, अठरा दहा. चषकाचं त्यांनी काय करायचं ते करावं. रविवारी मी त्यांच्याबरोबर जाणार नाही.

मग यांना सांगितलं. तुमचा भाऊ खिडकीशी बसला होता. सगळं सांगितलं, ताडपत्री, कोबीचा पाला, चष्मा, आणि ती शेवटची नोंद वाचून दाखवली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी ओरडावं असं वाटत होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "तिला सांगायचं होतंस. लई शिव्या घातल्या असत्या तिनं. आठ दिवस तुझ्याशी बोलली नसती. नवव्या दिवशी दारात आली असती, चल म्हणाली असती, आता चढून दाखव."

एवढं बोलून ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

बरोबर आहे त्यांचं. तुम्हाला माझ्यापेक्षा तेच जास्त ओळखतात. आठ दिवस, फार तर आठ. आठ दिवसांच्या तुमच्या अबोल्याला भ्यायले मी, वन्सं, आणि त्यापायी तुम्हाला दोन वर्षं घाट चढायला लावला.